मार्गासनी ते पुणे : आईने पाहिलेला रस्ता

पुण्याहून सातारा रस्त्याने निघाले की नसरापूर फाट्यावर उजव्या हाताला वेल्ह्याचा रस्ता फुटतो. गुंजवणी नदीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या या रस्त्यावर मार्गासनी हे गाव आहे. तालुक्याचे नाव आता राजगड झाले असले तरी लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. सुट्टीच्या दिवशी पाठीवर पिशव्या अडकवलेली शहरातली मुले-मुली मार्गासनीला उतरतात आणि साखरमार्गे राजगडाच्या पायथ्याला, गुंजवण्याला जातात. ही मुले वाट चुकतील, परत कशी जातील, याची काळजी गावात कुणी करत नाही. पण याच गावातली मुलगी एसटीने पुण्याला निघाली, तर घरातल्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. अंतर तेच, रस्ताही तोच, पन्नास किलोमीटरच्या आसपास.

माझी खालाजाद बहीण मार्गासनीला राहते. तिची मुलगी चांगल्या गुणांनी दहावी झाली. अकरावीला पुण्यात वसतिगृहात राहून शिकावे, अशी तिची इच्छा. वडील तयार होते. आईने नाही म्हटले नाही, फक्त एक प्रश्न विचारला, ‘‘आपा, एवढ्या मोठ्या शहरात ही एकटी फिरणार कशी?’’

शिक्षिका म्हणून हा प्रश्न मी बऱ्याच घरांत ऐकला आहे. फीचा प्रश्न कुणीतरी सोडवतो, शिष्यवृत्ती मिळते, नातेवाईक मदत करतात. बसच्या प्रश्नावर मात्र घर अडते आणि मुलीचे शिक्षण गावातच थांबते. अशा वेळी आपण मुलीला समजावतो, धीर देतो. खरे तर मुलीला धीर नको असतो, तिच्या हातात मोबाईल असतो आणि मनात हिंमत असते. रस्ता माहीत नसतो तो आईला. म्हणून मी बहिणीला म्हटले, ‘‘मुलीचे नंतर बघू. आधी तू चल. आपण तिघी एक दिवस पुण्याला जाऊन येऊ. जीप करायची नाही, आणि विचारायचे ते सगळे तू विचारायचे.’’

सकाळी मार्गासनीच्या थांब्यावरून स्वारगेटची एसटी धरली. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे आहे. तिघींचे मिळून दीड तिकीट झाले. ही सवलत बहिणीला माहीत होती, कारण खेड शिवापूरला हजरत कमर अली दर्वेश यांच्या दर्ग्यावर ती एसटीने एकटी जाते. दर्गा आला तेव्हा माझ्या लक्षात आले की इथपर्यंतचा रस्ता तिला तोंडपाठ आहे. भीती होती ती पुढच्या पंचवीस किलोमीटरची. तो रस्ता तिने पाहिला होता तो जीपच्या मागच्या सीटवरून, आजारी सासूबाईंचे डोके मांडीवर घेऊन. असा पाहिलेला रस्ता कसा लक्षात राहील?

कात्रज ओलांडून गाडी स्वारगेटला पोहोचली. एसटी सोडून शहराची बस धरायची, हे नव्या माणसाला सर्वांत अवघड वाटते. पुण्यात शहर बस म्हणजे पीएमपीएमएल. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या दोन वेगळ्या बससेवा २००७ मध्ये एकत्र करून ती झाली. बहिणीने दोन बायकांना आणि एका कंडक्टरला विचारले आणि पुलगेटकडे जाणारी बस शोधली. बसमध्ये डाव्या बाजूची आसने महिलांसाठी असतात, हे तिने पाटीवर वाचून आम्हालाच सांगितले. तिकीट मात्र पूर्ण पडले. ‘‘इथे निम्मे नाही का?’’ असे तिने विचारले. एसटीतली सवलत शहर बसला लागू नाही, हे लक्षात ठेवलेले बरे. १ जून २०२५ पासून पाच किलोमीटरपर्यंत १० रुपये तिकीट आहे. दिवसभरात चार-पाच ठिकाणी जायचे असेल, तर ७० रुपयांचा दिवसाचा पास परवडतो.

गोळीबार मैदानाजवळ उतरून आम्ही आझम कॅम्पसला गेलो. प्रवेश आणि वसतिगृह यांची चौकशी केली. आजूबाजूला बुरखा घातलेल्या, ओढणी घेतलेल्या, पाठीवर दप्तर असलेल्या कितीतरी मुली ये-जा करत होत्या. बहीण त्यांच्याकडे बघत राहिली. त्यातल्या एका मुलीला तिने विचारले, ‘‘बेटी, रोज कशाने येतेस?’’ ‘‘बसने,’’ ती म्हणाली आणि वर्गाकडे पळाली. माझ्या तासाभराच्या समजावण्यापेक्षा त्या एका शब्दाचा परिणाम जास्त झाला.

जोहरची नमाज कॅम्पात एका परिचितांच्या घरी अदा केली. बहिणीने विचारले, ‘‘आपण मुसाफिर, मग कसर करायची ना?’’ हनफी मसलकनुसार साधारण ७७ किलोमीटरच्या पुढच्या प्रवासाला कसर आहे. मार्गासनी-पुणे त्यापेक्षा कमीच. ‘‘म्हणजे आपण लांब आलोच नाही!’’ असे म्हणून ती हसली आणि पूर्ण चार फर्ज पढली.

परतीला मुद्दाम पुणे स्टेशनमार्गे आलो. सासूबाईंना जिथे आणले होते ते ससून रुग्णालय स्टेशनजवळच आहे. तिथून मेट्रो धरायची होती. पुण्यातली मेट्रो ६ मार्च २०२२ ला सुरू झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये जमिनीखालून स्वारगेटपर्यंत आली. तिकीट १० ते ३५ रुपयांच्या दरम्यान असते. शनिवार-रविवारी सवलत मिळते. तिकिटावरचा चौकोनी ठसा फाटकावरच्या काचेसमोर धरला की फाटक उघडते. बाहेर पडताना तोच ठसा पुन्हा दाखवावा लागतो, म्हणून तिकीट जपून ठेवायचे.

पुणे स्टेशनहून जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलावी लागते. लोक त्याला सिव्हिल कोर्ट म्हणतात. एक मार्ग वरून, पुलावरून जातो, तर स्वारगेटचा मार्ग जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल आहे. सरकत्या जिन्याने खाली उतरताना बहिणीने माझा हात घट्ट धरला होता. दुसऱ्या जिन्यावर तिने तो सोडला. पुढे गाडी मुठा नदीच्या तळाखालून कसबा पेठ, मंडई आणि मग स्वारगेटला येते. प्रत्येक स्थानकाचे नाव मराठीत पुकारतात. ‘‘हे तर आपल्या एसटीपेक्षा सोपे आहे,’’ ती म्हणाली, ‘‘थांबा आला की ओरडून सांगतात.’’ स्वारगेटपासून कात्रजपर्यंत मेट्रो वाढवायलाही मंजुरी मिळाली आहे. ती झाली की आपल्या बाजूच्या प्रवाशांना कात्रजलाच मेट्रो मिळेल.

बहिणीसारख्या इतर भगिनींसाठी चार गोष्टी सांगते. सकाळी स्वारगेटला उतरल्याबरोबर चौकशीच्या खिडकीवर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून लिहून घ्या आणि त्या गाडीच्या आधीच्या गाडीने परत फिरा. वेल्ह्याची गाडी चुकली तर भोरची गाडी धरून नसरापूर फाट्याला उतरता येते. तिथून पुढे वडाप मिळते, पण अंधार पडायच्या आत. सुटे पैसे आणि घरच्या माणसाचा नंबर कागदावर लिहून जवळ ठेवा, मोबाईलची बॅटरी संपते. रस्ता विचारायचा तो कंडक्टरला, खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला किंवा मुलेबाळे बरोबर असलेल्या बाईला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. जकातीच्या आठ हकदारांमध्ये मुसाफिरही आहे. वाटेवरच्या माणसाला मदत लागतेच, हे आपल्या दीनने मान्य केलेले आहे.

१ जून १९४८ ला पुणे आणि नगर यांच्यामध्ये पहिली एसटी धावली. तेव्हापासून तीन-चार पिढ्या या गाड्यांनी शाळा-कॉलेजला गेल्या. गावातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पासही मिळतो. गाड्या आहेत, सवलती आहेत. घरातून परवानगी निघाली नाही, तर त्यांचा उपयोग काय?

त्या संध्याकाळी बहिणीने नवऱ्याला सगळा रस्ता सांगितला, कुठे उतरायचे, कोणती बस, किती पैसे. मुलगी गप्प बसून ऐकत होती. दहा दिवसांनी प्रवेशाचे कागद द्यायला मायलेकी दोघीच पुण्याला गेल्या. जुलैत मुलीला वसतिगृहात सोडायला आई गेली आणि परत येताना एकटी आली. आता महिन्यातून एकदा ती डबा घेऊन जाते.

प्रवेशाचे दिवस आले की आपण मुलीचे गुण आणि कॉलेजची यादी बघतो. त्याच्या आधी एक दिवस काढून तिच्या आईला बसने शहरात नेऊन आणा. आईने रस्ता पाहिलेला असला, की मुलीला जाऊ देणे तिला सोपे जाते.