पटावरचं नाव

कंपनीच्या पोर्टलला कॉन्फ्लुअन्स आणि जिरा ही सॉफ्टवेअरं जोडायचं ठरलं, तेव्हा सगळा वाद एकाच गोष्टीवर अडला होता : माणसांची यादी कुणाची धरायची? पोर्टल लाइफरेवर चालायचं, त्याच्या डेटाबेसात युजरची स्वतःची यादी होती. कॉन्फ्लुअन्सची अंतर्गत डिरेक्टरी असते, ती निराळी. विंडोजच्या लॉगिनसाठी अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (एडी) होतीच. शिवाय क्राउड नावाचं आणखी एक सॉफ्टवेअर घेऊन ते मध्ये बसवा, असं विक्रेत्याचा माणूस सुचवून गेला होता. जो तो आपल्या सोयीची यादी पुढे करत होता. अप्पा बराच वेळ ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "माणूस नोकरी सोडून गेला की त्याचं नाव सगळ्यात आधी कुठून कटतं, तेवढं सांगा. बाकी मी बघतो."

अप्पा आमच्या टीममधले सगळ्यात वयस्कर. नॉव्हेल नेटवेअरच्या काळापासून सर्व्हर सांभाळलेला माणूस. पुण्यात मी नवी होते, इंग्रजी बोलताना अडखळायचे, बैठकीत मागच्या खुर्चीत बसायचे. या जोडणीचं, कनेक्टरचं, काम त्यांनी माझ्या गळ्यात घातलं आणि स्वतः शेजारी खुर्ची ओढून बसले. आज मी जे काही करते, त्याची सुरुवात त्या खुर्चीपासून झाली.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर सोपं निघालं. राजीनाम्याची मेल एचआरकडून आली की त्याच संध्याकाळी अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतलं खातं बंद व्हायचं. पोर्टलवरचं नाव मात्र कुणाला आठवेल तेव्हा जायचं. सोडून गेलेली कितीतरी माणसं तिथे अजून नांदत होती. म्हणजे मूळ यादी एडीची, बाकीच्यांनी तिच्याकडे बघायचं. बघायची भाषा एलडॅप. १९९३ साली मिशिगन विद्यापीठात टिम हाऊज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक्स-५०० या अवजड पद्धतीला हलका पर्याय म्हणून ती घडवली, आणि विंडोज २००० बरोबर आलेल्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीलाही तीच समजते. हे सगळं अप्पा चहा पिता पिता सांगायचे, परीक्षा घेतल्यासारखं कधीच नाही.

मग बारकावे सुरू झाले. पासवर्ड तेवढा एडीत तपासायचा आणि खाती कॉन्फ्लुअन्समध्येच ठेवायची, असाही एक प्रकार असतो. तो अप्पांनी नाकारला, कारण त्यात गेलेल्या माणसाला आत येता येत नसलं तरी त्याचं नाव यादीत तसंच पडून राहतं. आम्ही निवडलं ते 'फक्त वाचा, गट इथले' : माणसं एडीतून येतील, तिथे आपण एक अक्षर बदलायचं नाही, पण प्रकल्पांचे गट कॉन्फ्लुअन्समध्ये आपण करायचे. दर तासाला यादी ताजी व्हायची. डिरेक्टरींचा क्रमही महत्त्वाचा, कारण एकच लॉगिन दोन ठिकाणी असेल तर वरच्या डिरेक्टरीतलं खातं खरं धरलं जातं. अंतर्गत डिरेक्टरीत एक अ‍ॅडमिन मात्र त्यांनी मुद्दाम ठेवायला लावला. त्याचा पासवर्ड लखोट्यात घालून, सही करून तिजोरीत. एडीचा सर्व्हर बसला तर आत शिरायला एक तरी दार हवं. ज्या डिरेक्टरीतून तुम्ही स्वतः आत आलात, ती बंद करायला कॉन्फ्लुअन्स तुम्हाला देतच नाही. बसल्या फांदीवर कुऱ्हाड घालणारे आपल्याकडे कमी नाहीत, हे कॉन्फ्लुअन्स बनवणाऱ्या अ‍ॅटलॅसियनला सिडनीत बसून कसं कळलं कोण जाणे.

खरी अडचण आली ती कंत्राटी कामगारांपाशी. ते एडीत नव्हतेच. त्यांची नावं कंत्राटदाराच्या रजिस्टरात, १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानुसार त्याला ते तेव्हा ठेवावंच लागायचं, आणि गेटवरच्या वहीत. मशीन दुरुस्तीच्या सूचना कॉन्फ्लुअन्सवर जाणार होत्या आणि मशीनवर हात होता तो याच माणसांचा. "लायसन्स माणशी आहे, त्यांना कशाला घ्यायचं?" असं एक साहेब म्हणाले. दुसऱ्यांनी तोडगा काढला की नावाशिवाय वाचायला उघडं ठेवू, फुकटात भागेल. अप्पा म्हणाले, "वाचतील हो. पण सूचना चुकली असेल तर खाली शेरा कुणाच्या नावानं लिहितील?"

मी तेव्हा काही बोलले नाही. पण मला मुकादमाची वही दिसत होती.

आमचं गाव दिंद्रुड, माजलगाव तालुक्यातलं. तेलगावचा कारखाना हाकेच्या अंतरावर असूनही दिवाळीच्या आगेमागे आमच्या भागातल्या टोळ्या सांगली-कोल्हापूरकडे निघतात. आईवडील ऊसतोडीला जायचे. उचल मुकादमाकडून घ्यायची आणि ती फेडायला पहाटेपासून फडात. मुकादमाच्या वहीत हिशेब कोयत्याचा. नवरा-बायको मिळून एक कोयता, नाव नवऱ्याचं. मोळ्या बांधायची माय, डोक्यावर वाहून गाडीत चढवायची माय, पण वहीत तिची ओळ नाही. अंगठा वडिलांचा, उचल वडिलांच्या नावावर, फेडायची दोघांनी. पुढे २०२१ मध्ये ग्रामसेवकांमार्फत ऊसतोड कामगारांची नोंदणी करून ओळखपत्रं द्यायचं सरकारनं ठरवलं. मायचं कोयता धरायचं वय तोवर निघून गेलं होतं.

पोरांचं तर याहून वाईट. टोळीबरोबर गेलेलं लेकरू सहा महिने शाळेत दिसत नाही, मग पटावरून त्याचं नाव जातं, आणि एकदा गेलेलं नाव परत लिहायला बाप दाखला-दाखला करत फिरत नाही. माझं नाव राहिलं ते गावच्या शाळेतल्या गुरुजींमुळे. मी आजीकडे राहीन असं त्यांनी आमच्या ओट्यावर बसून वडिलांकडून कबूल करून घेतलं. ज्या वर्षी आजी आजारी पडली आणि मला कोपीवर, तोडीवरच्या झोपडीत, जावं लागलं, त्या वर्षी त्यांनी कारखान्यावरच्या साखरशाळेच्या बाईंना चिठ्ठी दिली : मुलगी आमच्या पटावर आहे, तुमच्याकडे शिकू द्या, हजेरी कळवा. जनरल रजिस्टरात माझी ओळ त्यांच्याच हातची आहे. जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, खाडाखोड नाही. तिच्यावरून दाखला निघाला, दाखल्यावरून जातीचं प्रमाणपत्र, त्यावरून शिष्यवृत्ती, आणि शिष्यवृत्तीवर इंजिनिअरिंग. साखरशाळेच्या बाईंनी मला शिकवलं, पण माझी ओळ त्यांनी स्वतःकडे ओढली नाही. त्यांनी गुरुजींच्या पटाकडे बघितलं.

हे सगळं मी अप्पांना नंतर कधीतरी सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मग तुझे गुरुजी आमच्या लाइनीतले निघाले."

कंत्राटी कामगारांसाठी शेवटी एडीत वेगळी शाखा निघाली. लायसन्सचा प्रश्नही अप्पांनीच सोडवला. डिरेक्टरीत कितीही माणसं आली तरी लायसन्स मोजलं जातं ते वापरायची परवानगी असलेल्या गटातल्यांचंच. तेव्हा नावं सगळ्यांची आणायची आणि परवानगी ज्याचं काम आहे त्याला द्यायची. साहेबांचा आकडा बसला. दुरुस्ती विभागातल्या एका कंत्राटी मुलानं पहिल्याच आठवड्यात ग्रीसच्या प्रमाणाबद्दल शेरा लिहिला, त्याच्या स्वतःच्या नावानं, आणि तो बरोबर होता.

माझ्या लग्नानंतरही अप्पांची शिस्त कामाला आली. आडनाव बदललं, लॉगिनचं नाव बदललं. जुन्या कॉन्फ्लुअन्समध्ये लॉगिन बदललं की माणूसच नवा धरला जायचा आणि आधीचं लिखाण अनोळखी नावावर पडायचं. नंतरच्या आवृत्त्या नावाकडे न बघता एडीतला ऑब्जेक्ट-जीयूआयडी नावाचा कायमचा क्रमांक बघतात, फक्त ते सेटिंग नीट भरलेलं हवं. अप्पांनी ते पहिल्या दिवशीच माझ्याकडून तपासून घेतलं होतं. "कंपनीत बायका आहेत, लग्नं होणार," म्हणाले. माझी सगळी पानं माझ्याच नावावर राहिली. आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत बाळाच्या नावापुढे आईचं नाव, मग वडिलांचं आणि आडनाव असा क्रम आला आहे. एलडॅपच्या मूळ साच्यात पूर्ण नाव आणि आडनाव एवढंच सक्तीचं. ही पोरं नोकरीला लागतील तेव्हा माझ्यासारख्या कुणाला तरी त्यात आईची जागा शोधत बसावं लागेल. बसू देत.

अप्पा निवृत्त झाले. १५ फेब्रुवारी २०२४ ला अ‍ॅटलॅसियननं सर्व्हर आवृत्त्यांचा आधार काढून घेतला आणि आमचंही सगळं क्लाउडवर गेलं. ते काम मी पाहिलं, लखोट्यासकट.

गुरुजींचं ऋण मात्र निराळं, त्याच्या बदल्यात द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. त्यांच्या नोकरीची शेवटची वर्षं असताना मी पेढे घेऊन शाळेत गेले. ते संगणकापुढे बसले होते, समोर विद्यार्थ्यांच्या नोंदींचं सरल पोर्टल. तोडीला गेलेल्या एका मुलाचं नाव दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळेनं आपल्याकडे नव्यानं भरून टाकलं होतं आणि एकाच लेकराच्या दोन नोंदी झाल्या होत्या. त्यांनी पेढ्याचा पुडा बाजूला सरकवला आणि मला खुर्ची दिली.

"बस. तू काय याद्या जोडायचं काम करतीस म्हणं. ही एक जोडून दे."

मी बघितलं. नवी नोंद करायची नव्हतीच, त्या शाळेनं बदलीची विनंती पाठवायला हवी होती. तसं मी सांगितलं.

"ते मला ठावं हाय गं लेकरा," गुरुजी म्हणाले. "पण तिथले हेडमास्तर माझं ऐकंनात. तू फोन लाव, आन् पुण्याहून बोलतेय म्हणून सांग."