द्यूताचा पगार



सप्तव्यसनांची यादी आपल्याकडे पाठशाळेतल्या पोरांनाही पाठ असते. द्यूत, मांस, मद्य, वेश्यागमन, शिकार, चोरी, परस्त्री. पहिलं नाव जुगाराचं. माझ्या मुलाचा पगार तीन वर्षं त्या पहिल्या नावातून येत होता. नेमणुकीच्या कागदावर शब्द होता ‘गेमिंग’.

मुलगा संगणक अभियंता, राहायला पुण्यात. पैसे लावून रमी खेळायचं ॲप चालवणाऱ्या एका कंपनीत होता. पत्ते वाटणं, पैशांची देवघेव ही कामं दुसऱ्यांकडे. याच्याकडे होतं गेलेल्या माणसाला परत आणणं. हरलेला माणूस किती तासांनी परततो, कोणता संदेश वाचून पुन्हा पैसे भरतो, याचा हिशेब मांडायचा. निम्म्या लोकांना एक संदेश, निम्म्यांना दुसरा. ज्याने जास्त माणसं परत येतील, तो उद्यापासून सगळ्यांना. पगार झालेल्या आठवड्यात संदेश वाढवायचे.

एकदा सांगलीला आला होता, तेव्हा मी भाजी निवडत असताना म्हणाला, “आई, रात्री अडीच वाजता एकजण पाचशे-पाचशे करत अकरा वेळा पैसे भरतो. मला त्याचं नाव दिसत नाही, नुसता क्रमांक दिसतो. आणि बाराव्या वेळी त्याला बोलावणारा संदेश मी लिहिलेला असतो.”

आमच्या ह्यांचं म्हणणं सरळ होतं. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ, असं सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकातच म्हटलेलं. कंपनी कर भरते. १ ऑक्टोबर २०२३ पासून तर खेळाडूने भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी. सरकारला ते पैसे चालतात, मग पोराने का अवघडायचं?

बिनतोड वाटावं असंच ते बोलणं होतं. पण श्रावकाचार विचारतो ते वेगळं. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार आहेत, त्यात एक पापोपदेश. दुसऱ्याला पापाच्या वाटेला लावणारं बोलणं. आता रात्री अडीचच्या त्या संदेशाला दुसरं काय नाव द्यायचं? शिवाय मी बी.कॉम. झालेली बाई. जमेच्या बाजूला रक्कम दिसली की ती कुणाच्या नावे पडली, हे शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. मुलाच्या खात्यातली जमा त्या अकरा वेळांच्या नावे होती.

मी त्याला नोकरी सोड म्हटलं नाही. पस्तिशीच्या मुलाला आईने सांगायची ती गोष्ट नव्हे, आणि हप्ता काही मी भरत नव्हते. त्याच वर्षी जवळच्या गावी पंचकल्याणक होतं. ह्यांनी उत्साहाने बोली लावायचं ठरवलं आणि त्याला फोन केला. तो म्हणाला, “बाबा, माझ्या पैशाने बोली नको. तुमच्या पेन्शनमधून जमेल ती लावा.” हे दिवसभर गप्प होते. मला मात्र त्या वाक्यातच राजीनामा ऐकू आला.

२०२४ च्या दिवाळीनंतर त्याने नोकरी सोडली. फ्लॅटचा हप्ता ४३ हजार. सूनबाई बँकेत आहे, तिच्या पगारातून हप्ता जाऊ लागला. सहा महिन्यांनी ती मला म्हणाली, “आई, तत्त्व त्यांचं आणि हप्ता माझा, अशी वाटणी झालीय आमच्यात.” हसत म्हणाली, पण नुसतं हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. त्यागाच्या गोष्टी सांगताना आपण त्यागी माणसाचं नाव घेतो, त्याच्या घरात त्या महिन्यात किराणा कुणी भरला हे विचारत नाही.

त्या काळात सल्ले फार आले. सेंद्रिय शेती कर, गावाकडे ये, त्या संगणकाचं तोंड बघू नको. मला हे पटत नाही. शेतीतली हिंसा काय कमी असते? नांगराखाली किती जीव जातात, हे आपल्याइतकं कोण जाणतं? भगवान ऋषभदेवांनी असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य, शिल्प ही सहा कर्मं लोकांना शिकवली. संगणकाचं काम माझ्या मते मसि आणि विद्या यांतच बसतं. त्या विद्येवर त्याने दहा वर्षं घालवली होती, ती कशाला टाकायची?

सात महिन्यांनी त्याला काम मिळालं. कंपनी छोटी, पगार निम्म्याहून कमी. दृष्टिहीन माणूस फोन वापरतो तेव्हा पडद्यावरचं सगळं त्याला वाचून दाखवणारी व्यवस्था असते. पण ॲप बनवणाऱ्याने बटणाला नावच दिलं नसेल, तर त्याला ऐकू येतं नुसतं “बटण, बटण, बटण”. पैसे पाठवायचं कोणतं आणि रद्द करायचं कोणतं, कळणार कसं? अशी ॲप तपासायची, दुरुस्त करून द्यायची. मराठी अक्षरं नीट वाचली जातात का, तेही बघायचं. काम कंटाळवाणं आहे, असं तोच सांगतो. दिवसभर चुकांच्या याद्या. पहिल्या नोकरीत डोकं जास्त चालायचं, हेही त्याने लपवलं नाही.

मग २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. २२ तारखेला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि सहा दिवसांनी आपलं दशलक्षण पर्व सुरू झालं. मंदिरात दोघी-तिघींनी मला म्हटलं, “बघा, तुमच्या मुलाचं बरोबर निघालं.” मला बरं वाटलं नाही. त्याच्या जुन्या सोबत्यांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. एकाच्या घरी तीन महिन्यांचं बाळ. मुलगा त्याच्यासाठी रोज दोन-चार ठिकाणी फोन करत होता. आणि कायदा झाला नसता तर काय, त्याचं चुकलं असतं?

उत्तम त्यागाच्या दिवशी दोघं घरी आले होते. परिग्रह-परिमाणाची वही काढून बसले. घर एकच, दागिने आहेत तेवढेच, हे भराभर लिहून झालं. गाडीवर अडले. तो म्हणतो विकू, ती म्हणते तिला बँकेत जायला लागते. मग सूनबाईने हळूच सांगितलं, की विम्याच्या योजना गळ्यात मारायचं जे टार्गेट तिला असतं, त्याचा तिलाही आता वीट आलाय.

मी म्हटलं, सोडायची असेल तर खुशाल सोड, पण या वेळी हप्ता कोण भरणार ते आधी वहीत लिहा. गाडीची ओळ अजून कोरीच आहे. हप्त्याच्या ओळीत मुलाने स्वतःचं नाव घातलंय, पेन्सिलने.