थाजिवासच्या वाटेवर

काश्मीरमधील सोनमर्ग सुमारे २,७०० मीटर उंचीवर आहे. तेथून थाजिवासच्या हिमनदीकडे प्रवासी घोड्यावरून जातात. उन्हाळ्यात या कुरणांवर बकरवाल आपले कळप आणतात व कळपांबरोबर येतात त्यांचे दांडगे, केसाळ कुत्रे. बिबळ्याशी झुंजणारा हा प्राणी परक्या घोड्याला काय जुमानणार?

एका वळणावर असे दोन कुत्रे भुंकत अंगावर आले. धनी कोठे दिसेना. माझा घोडा फुरफुरू लागला. टाच मारून निसटावे, असे मनात आले, तोच घोडेवाला ओरडला, “पळवू नका!” पळणाऱ्याच्या मागे लागणे हा कुत्र्याचा स्वभावच, आणि घोड्याला दोन्ही बाजूंचे बहुतेक सारे दिसत असले, तरी थेट पाठीमागचे दिसत नाही. न दिसणारा शत्रू पायाशी आला, की तो लाथा झाडतो किंवा उधळतो. खडकाळ उतारावर उधळलेल्या घोड्याची कल्पना नवशिक्या स्वाराने न केलेलीच बरी!

घोडेवाल्याने लगाम धरून घोड्याचे तोंड कुत्र्यांकडे वळविले व त्याला स्तब्ध उभे केले. कुत्रे थबकले, भुंकत राहिले, परंतु पुढे सरकले नाहीत. इतक्यात वरून शीळ ऐकू आली आणि ते माघारी वळले. त्यांचे तरी काय चुकले? ते राखणीवर होते.

पुढे बराच वेळ माझ्या घोड्याचे कान मागेच वळलेले होते.