डोलकाठीच्या पोटातली तार

मुलांनो, शिडाची होडी तुम्ही पाहिली असेल. समुद्रावर नाही तर निदान चित्रात तरी नक्कीच! तिच्या मधोमध जो उंच खांब असतो ना, त्याला डोलकाठी म्हणतात. शीड त्याच्याच आधाराने उभं राहतं. पण हल्लीच्या होड्यांची अ‍ॅल्युमिनियमची डोलकाठी आतून पोकळ असते आणि तिच्या पोटातून विजेच्या तारा वर जातात, हे ठाऊक आहे का तुम्हांला? मलाही नव्हतं. एका दिवाळीच्या सुट्टीत ते कळलं. आणि त्याबरोबर आणखीही एक गोष्ट कळली. ती सांगताना थोडी लाज वाटते, पण सांगतेच.

माझा मामा मूळचा सावंतवाडीकडचा. गेली कित्येक वर्षं तो गोव्यात, मांडवीच्या काठी, होड्यांमधलं विजेचं काम करतो. गोव्यात होड्या बांधणारे हात पुष्कळ आहेत बरं का! एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय दिलीप दोंदे २००९ साली ज्या 'म्हादेई' नावाच्या शिडाच्या होडीतून निघाले, ती गोव्यातच बांधलेली. मांडवी नदीचंच दुसरं नाव म्हादेई. पुढे २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी 'तारिणी'तून जगाला वळसा घालून आल्या. ती होडीही गोव्याचीच.

"मामा, मला तुझं काम बघायचंय," असं म्हणून मी त्याच्यामागे लागले. तो मला आणि त्याच्या पाचवीतल्या मुलाला घेऊन यार्डात गेला. बघते तर काय, डोलकाठी चक्क आडवी! सुताराकडे असतात तशा लाकडी घोड्यांवर तिला निजवलं होतं. मी पावलांनी मोजली. माझी बरोबर वीस पावलं भरली. "चौदा मीटर," मामा म्हणाला.

"एवढ्या उंचावर तार कशाला नेतात रे?" मी विचारलं.

मामाने समजावून सांगितलं. अशा होडीच्या डोलकाठीच्या टोकावर दिवा असतो. होडी रात्री शिडावर चालली असेल, तर त्यातून डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा आणि मागे पांढरा उजेड दिसतो. त्या रंगांवरून दुसऱ्या बोटीला कळतं, की समोरची होडी कुठल्या दिशेला चालली आहे. होडी नांगर टाकून उभी असेल, तर चहूकडून दिसणारा एकच पांढरा दिवा लावतात. रेडिओची एरियलही टोकावरच. जितकी उंच तितका संदेश लांब पोचतो. मिट्ट काळोखात एखादा मोठा ट्रॉलर अंगावर येत असला, तर त्याला आपली होडी दिसते ती त्या एवढ्याशा दिव्यामुळेच. तो लागला नाही तर? पुढचं मामाला सांगावं लागलं नाही.

या होडीचा दिवा लागत नव्हता. मामाने जुन्या तारेचं टोक सोलून दाखवलं. आतलं तांबं काळंठिक्कर पडलेलं! खारं पाणी हळूहळू आत शिरलं की तांब्याचं असं होतं. नवी तार मात्र आतून चांदीसारखी पांढरी होती. "ही पण तांब्याचीच," मामा म्हणाला. "पण कल्हई केलेली." आजीच्या पितळी भांड्यांना कल्हई करत, तसाच हा कथलाचा थर. त्यामुळे खारी हवा तांब्याला लवकर खात नाही.

डोलकाठीच्या आत एक प्लॅस्टिकची नळी बसवलेली होती आणि तारा तिच्यातून जात होत्या. नळी नसली तर होडी डुलली की तारा आतून आपटतात आणि रात्रभर टक्‌ टक्‌ आवाज येत राहतो.

आता चौदा मीटर लांब नळीतून नवी तार न्यायची कशी? युक्ती साधी आहे. जुन्या तारांच्या खालच्या टोकाला एक मजबूत दोरी बांधायची. वरच्या टोकाकडून जुन्या तारा ओढून काढायच्या. त्यांच्यामागून दोरी नळीत शिरते आणि वरून बाहेर येते. मग त्या दोरीला नव्या तारा बांधून ओढायच्या.

वरचं टोक मामाने घेतलं. खालचं माझ्याकडे. जाण्यापूर्वी त्याने गाठ कशी बांधायची ते सांगितलं. तिन्ही तारा एकाच जागी बांधायच्या नाहीत. दोन-दोन बोटं अंतर सोडून बांधायच्या, म्हणजे गाठ जाड होत नाही आणि नळीत अडकत नाही. मग दोरीचा फास असा घ्यायचा, तसा वळवायचा, वरून टेप गुंडाळायची. त्याचे हात भराभर चालले होते. अंतराचं मला कळलं. फासाचं मात्र अजिबात कळलं नाही.

"कळला मां तुका?" मामाने विचारलं.

"हो, कळलं!" मी म्हणाले.

का म्हणाले? खरं सांगू? मामाचा मुलगा शेजारीच उभा होता. मी शाळेतली बाई. त्याच्यासमोर "मला नाही कळलं, परत सांग" कसं म्हणायचं?

मी आपली एक साधी गाठ मारली आणि वर भरपूर टेप गुंडाळली. दिसायला छान दिसत होती. मामा ओढू लागला. दोरी सरसर आत शिरत होती. मध्येच ती थांबली, पण मामा ओढतच होता. मग त्याची हाक आली, "दोरी इली नाय गो!"

तारा बाहेर आल्या होत्या. त्यांच्या टोकाला नुसती टेप लोंबत होती. दोरी आतल्या आतच सुटली होती.

"टेपच जुनी असणार," मी पटकन म्हणाले. मामाचा मुलगा माझ्याकडे बघत राहिला. टेप नवी होती. त्यानेच ती दुकानातून आणली होती. तो काहीच बोलला नाही. पण मला कसंतरीच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या भरतीला होडी पाण्यात जायची होती. डोलकाठी उभी करायला क्रेन येणार होती. आणि आता नळी रिकामी! ना जुनी तार, ना दोरी. मामा डोकं खाजवत बसला. शेवटी माझ्याने राहवेना. "मामा, टेप चांगली होती. मला फासाचं कळलंच नव्हतं. मी उगाच हो म्हणाले."

मामा रागावेल असं वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, "तेव्हाच इचारूक व्हया होता गो. दोन मिनटांचा काम." आणि उठला.

मग मामाने जी गंमत केली, ती तुम्हांला नक्की आवडेल. मासे गळाने पकडायची बारीक तंगूस असते ना, तिच्या टोकाला त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीचा लहानसा बोळा बांधला आणि तो नळीत सोडला. दुसऱ्या टोकाला व्हॅक्युम क्लीनर लावून, फटीत ओलं फडकं कोंबलं. यंत्र सुरू होताच बोळा सुर्र्कन आत! आपण नळीने कोकम सरबत पितो तसंच हे. यंत्र समोरची हवा काढून घेतं आणि मागची हवा बोळ्याला पुढे ढकलते. घटकाभरात तंगूस पार दुसऱ्या टोकाला. मग तंगुशीने दोरी ओढली. आता दोरीला नव्या तारा बांधायच्या.

या खेपेला मामाने "कळला मां?" असं विचारलंच नाही. फास सावकाश घालून दाखवला, सोडला आणि म्हणाला, "आता तू करून दाखव." पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदाही चुकलं. तिसऱ्यांदा जमलं. मामाने जोर लावून ओढून पाहिलं. गाठ हलली नाही. मग तो हळूहळू ओढत होता आणि मी इकडून तार आत सारत होते. जिथून तार बाहेर येते त्या भोकाला त्याने रबराचं कडं बसवलं, म्हणजे धातूची धार तारेला कापत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं काठावर गेलो. होडी नांगरावर उभी होती. काळोख पडला आणि डोलकाठीच्या टोकावर पांढरा दिवा लागला. ती गाठ आता कुणाला दिसणार नव्हती. पण मी दिव्याकडे बघत होते आणि मला आठवत होता माझ्या तिसरीच्या वर्गातला शेवटच्या बाकावरचा एक मुलगा.

हातच्याची वजाबाकी शिकवून मी विचारायची, "समजलं का?" सगळा वर्ग ओरडायचा, "हो बाई!" त्यात त्याचा आवाज सर्वांत मोठा. आणि वहीत मात्र सगळी उत्तरं चूक. एकदा मी त्याला सगळ्यांसमोर म्हणाले होते, "हो म्हणालास ना? मग?" तो खाली मान घालून उभा राहिला होता.

सुट्टी संपल्यावर पहिल्याच दिवशी मी वर्गाला ही सगळी गोष्ट सांगितली. टेपचं खोटंसुद्धा सांगितलं. मुलं खूप हसली. मग फळ्यावर वजाबाकी मांडली आणि म्हणाले, "आता मी 'समजलं का' असं विचारणार नाही. कुठे अडलं, ते तुम्हीच सांगायचं."

थोडा वेळ सगळे गप्प होते. मग शेवटच्या बाकावरून एक हात वर आला.

"बाई, तो वरचा एक कुठून आणला, ते मला पहिल्यापासूनच कळलेलं नाही."

आणखी चार हात वर आले.