अर्थ लागेपर्यंत

आम्ही दोघे पतिपत्नी गेली वीस वर्षे मराठीचे अध्यापन करीत आहोत. ‘अर्थ नीट लागत नाही’ हे वाक्य वर्गात विद्यार्थ्यांकडून आणि घरी एकमेकांकडून आम्ही किती वेळा ऐकले असेल, याची गणती नाही. तेच वाक्य नगरच्या एका गॅरेजमध्ये, मोटारीच्या डिकीत डोके घालून बसलेल्या मिस्त्रींच्या तोंडून ऐकायला मिळेल, असे मात्र कधी वाटले नव्हते. “सर, अर्थच नीट लागलेला नाही,” ते म्हणाले, आणि आम्ही दोघांनी एकाच वेळी, सवयीने, खिशातल्या पेनाला हात घातला.

झाले होते ते असे. नगर-मनमाड रस्त्याने राहुरीच्या बाजूला आमचे रोजचे जाणे-येणे. मोटार जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. तिच्यात एका दुकानातून नवा स्टिरिओ आणि डिकीत अ‍ॅम्प्लिफायर बसवून घेतला. पहिल्याच दिवशी ध्यानात आले, की इंजिन सुरू झाले की गाण्यामागे एक बारीक शीळ उमटते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती वर चढते, सोडला की खाली येते. बातम्या आणि भावगीते ऐकण्यापुरता तिचा फारसा त्रास नव्हता. माणसाला कशाचीही सवय होते, तशी आम्हांला शिळेची झाली.

ती खटकली एका ध्वनिफितीमुळे. आमच्यापैकी एकाची आई, म्हणजे दुसरीच्या सासूबाई, पारनेर तालुक्यातल्या. २००२ साली, एम.ए.च्या लोकसाहित्याच्या टिपणासाठी, त्यांच्या जात्यावरच्या ओव्या आम्ही टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतल्या होत्या. टिपण झाले, गुण मिळाले, कॅसेट कपाटात गेली. तीन वर्षांपूर्वी आई गेल्या. गेल्या वर्षी ती कॅसेट मोबाइलवर उतरवून घेतली. पण घरात समोरासमोर बसून ती ऐकणे आम्हांला जमेना. मोटारीत जमेल असे वाटले. तेथे दोघांचीही नजर रस्त्यावर असते.

तर आईंच्या आवाजावर ही शीळ. राहुरीपर्यंत आम्ही एक अवाक्षर बोललो नाही.

पहिला उपाय सर्वांचा असतो तोच केला. शीळ घालवणारी एक छोटी डबी बाजारात मिळते, ती स्टिरिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामधल्या केबलमध्ये बसवली. शीळ गेली. पण दोन दिवसांनी आमच्यातली एक म्हणाली, “आईंचं जातं थांबल्यासारखं वाटतं.” खरेच होते ते. त्या डबीत दोन इवलेसे ट्रान्सफॉर्मर असतात. तारांचा प्रत्यक्ष संबंध तोडून ते आवाजाचे संकेत तेवढे पलीकडे पोचवतात. स्वस्तातल्या डबीतले ट्रान्सफॉर्मर फार लहान असल्याने खर्जातले स्वर त्यांना पेलत नाहीत. शिळेबरोबर जात्याची घरघरही गेली होती. जात्यावाचून ओवी म्हणजे नुसते पाठांतर.

म्हणून गॅरेज. मिस्त्रींनी आधी आवाजाचे बटण पार खाली केले. शीळ होती तशीच राहिली. याचा अर्थ ती गाण्यातून येत नव्हती; स्टिरिओच्या पुढे, अ‍ॅम्प्लिफायरच्या वाटेवर कोठेतरी घुसत होती. मग त्यांनी अ‍ॅम्प्लिफायरमधून आवाजाच्या केबली उपसल्या. शीळ बंद. “अ‍ॅम्प्लिफायर चांगला आहे,” ते म्हणाले, आणि पाठोपाठ ते अर्थाचे वाक्य.

त्यांचा अर्थ इंग्रजीतून आलेला. आपण पृथ्वी म्हणू तो. गंमत अशी, की रबरी चाकांवर उभी असलेली मोटार पृथ्वीला कोठेच टेकत नाही. बॅटरीची ऋण बाजू तिच्या लोखंडी सांगाड्याला जोडतात आणि त्या सांगाड्यालाच अर्थ म्हणतात. तेथे विद्युतदाब शून्य, असे सर्वांनी मानायचे आणि बाकी सगळे त्यावरून मोजायचे. घोटाळा होतो तो दोघांची शून्ये वेगळी निघाली की. आमच्या स्टिरिओची ऋण तार डॅशबोर्डामागे जोडलेली. अ‍ॅम्प्लिफायरची डिकीतल्या एका बोल्टला, रंगावरच आवळलेली. मल्टिमीटर लावला, तर बॅटरीची ऋण बाजू आणि तो बोल्ट यांच्यात १८० मिलिव्होल्टचा फरक.

हा फरक नुसता पडून राहत नाही. तो मिटवायला वीज दुसरी वाट शोधते, आणि आवाजाच्या केबलवरचे तारांचे वेष्टन ही वाट तिला आयती सापडते. अल्टरनेटरची वीज डायोडांनी एकदिश केलेली असली तरी तिच्यात बारीक लाटा उरतात. बारा ध्रुवांच्या अल्टरनेटरच्या एका फेऱ्यात अशा ३६ लाटा येतात. इंजिन मिनिटाला हजार फेरे घेत असेल आणि अल्टरनेटर त्याच्या अडीचपट वेगाने फिरत असेल, तर सेकंदाला दीड हजार. हा स्वर नेमका तेथे पडतो, जेथे माणसाच्या बोलण्यातली व्यंजने स्पष्ट होतात. अ‍ॅम्प्लिफायर बिचारा आई आणि अल्टरनेटर यांत भेद करीत नाही. जे आले ते मोठे करतो.

दुरुस्तीला तासभर लागला. आधी बॅटरीची ऋण तार सोडवली. डिकीतला बोल्ट काढून त्याखालचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासला. जाड आणि हातभरापेक्षा आखूड तार, तिला दाबून बसवलेले थिंबल, दातेरी वॉशर, आणि गंज धरू नये म्हणून वरून ग्रीस. स्टिरिओची ऋण तारही त्याच बोल्टवर आणली. बॅटरीकडून येणारी जाड तार आणि आवाजाच्या केबली एकाच बाजूने गेल्या होत्या. त्या मोटारीच्या दोन कडांनी वेगळ्या केल्या. डबी काढून आमच्या हातात दिली. मल्टिमीटर आता ६ मिलिव्होल्ट दाखवीत होता.

तपासून पाहायला दौंड रस्त्याने निघालो. अरणगावजवळ मेहेराबाद लागते. १० जुलै १९२५ पासून १९६९ साली देह ठेवीपर्यंत मौन पाळणाऱ्या मेहेरबाबांची समाधी तेथल्या टेकडीवर आहे. तेथे मोटार कडेला घेतली, इंजिन मुद्दाम चालू ठेवले आणि फीत लावली. शीळ नव्हती. जाते होते, बांगड्या होत्या, घास टाकताना आईंचा क्षणभर अडकणारा श्वास होता.

आणि सातव्या-आठव्या ओवीनंतर, जात्याच्या घरघरीखाली, एक वाक्य होते. ध्वनिमुद्रणात आपला आवाज येऊ नये म्हणून आम्ही तेव्हा अंगणात जाऊन बसलो होतो. आई शेजारणीशी हलक्या आवाजात बोलत होत्या: “ही नको लिव्हायला सांगू त्याला. ही घरातली हाय.”

घरी आल्यावर जुने टिपण काढले. ती ओवी त्यात आहे. नीट उतरवलेली, खाली अर्थासह. तिच्यापुढे कंसात आमच्याच अक्षरात लिहिले आहे, ‘येथे अस्पष्ट बोलणे, अनावश्यक’. त्या वेळी तो आम्हांला ओव्यांच्या मधला अडथळा वाटला होता.

ती ओवी आम्ही येथे देत नाही. टिपणाची एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहे, तिचे काय करावे, यावर आमच्यात अजून एकमत झालेले नाही. रोज राहुरीपर्यंत जाताना त्यावर बोलतो. मोटारीत आता बोलणे स्वच्छ ऐकू येते.