दुधाविना पंगत

एखादा पदार्थ नाकारताना आपण तो वाढणारा हातही नाकारतो की काय, ही शंका प्रत्येक घरात कधी ना कधी डोकावते. पाहुण्याच्या बाबतीत ती सहज विरून जाते. आपल्याच माणसाच्या बाबतीत मात्र ती मनात घर करून बसते. आमच्याकडे ती दुधाच्या निमित्ताने आली.

नागपूरला शिकणाऱ्या आमच्या मुलीने मांस-अंडी आधीच सोडली होती. पुढे दूध, दही, तूपही सोडले. वासराच्या वाट्याचे दूध आपण का घ्यावे, हा तिचा साधा प्रश्न. अशा आहाराला ‘व्हीगन’ म्हणतात, हे आम्हांला तिच्याकडूनच कळले. इंग्लंडमधील डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी १९४४ साली हा शब्द रूढ केला.

सासूबाईंना शब्दाशी कर्तव्य नव्हते. दोन म्हशींच्या जिवावर त्यांनी चार लेकरे शिकवली. नात सुटीत येणार म्हटले की दूध आटवून ठेवायचे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. त्या सुटीत पहिल्यांदाच भरलेला पेला तसाच परत गेला, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “दूध सोडलं म्हंते पोरगी. मंग मलेबी सोडलं का?” यावर आमच्यापैकी कुणाजवळही उत्तर नव्हते.

आमचे शिरपूर जैन हे गाव वाशिम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात आहे. अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, अशी भाविकांची श्रद्धा. त्यामुळे गावाचे नाव दूरवर पोहोचले आहे. दोन पंथांतील वादामुळे १९८१ पासून बंद असलेले मंदिर सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर २०२३ मध्ये उघडले. अशा क्षेत्राच्या गावात खाण्यापिण्याच्या नियमांचे कुणाला नवल वाटत नाही. कुणी सूर्यास्तापूर्वी जेवतो, कुणी कांदा-लसूण व कंदमुळे वर्ज्य करतो. जैनांच्या नित्याच्या आहारात दूध-तूप असतेच. पण चैत्र आणि आश्विन महिन्यांत ओळीचे नऊ दिवस श्वेतांबर कुटुंबांत आयंबिल केले जाते. तेव्हा दिवसातून एकदाच, दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर यांवाचून केवळ उकडलेले वा भाजलेले धान्य-कडधान्य खातात.

मुलीला घेऊन मी कोपऱ्यावरच्या हॉटेलात गेले. मालकाने सवयीप्रमाणे विचारले, “काय चालते, काय नाही?” दूध-तूप नको म्हणताच त्याने तर्री-पोहे पुढे ठेवले. वाफाळलेल्या पोह्यांवर हरभऱ्याची झणझणीत तर्री, बारीक चिरलेला कांदा आणि लिंबाची फोड. शेजारी कोरा चहा. पोरीने दुसरी बशी मागवली. मालकाने ‘का नको’ असे विचारले नाही, ही गोष्ट माझ्या ध्यानात राहिली. काय चालते एवढे विचारावे आणि ते निगुतीने वाढावे, हा या गावाचा जुना शिष्टाचार आहे.

सासूबाईंनाही तो ठाऊक होताच. शेजारच्या बाई ओळीच्या दिवसांत आमच्या ओसरीवर येऊन बसत, तेव्हा सासूबाई त्यांना चहाचा आग्रह करीत नसत. त्या शेजारणीचा आधार घेऊन मी एकदा म्हटले, “आई, त्यांनी तुमचा चहा घेतला नाही, म्हणून त्या तुम्हांला परक्या झाल्या का?” त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग नजर न उचलता म्हणाल्या, “लेकरायले कुठं भेटलं दूध? सारं इकलं आमी.”

तेव्हा कुठे त्या पेल्याची किंमत माझ्या लक्षात आली. पोटच्या लेकरांच्या ओठी जे लावता आले नाही, ते त्या नातीला देत होत्या. मग त्या काळी लेकरे खात काय? ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी, तुरीच्या डाळीत कण्या घालून घोटलेली अंबाडीची भाजी, हिवाळ्यात हिरव्या सोल्यांची आमटी. पोरगी ज्याला नव्या नावाने ओळखत होती, ते तर तिच्या आजीच्या चुलीवरचे रोजचे अन्न होते.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः चुलीपुढे बसल्या. जवस खमंग भाजून कुटले, भाकरीवर चटणी घालून तिच्यावर जवसाच्या तेलाची धार सोडली. नात बोटे चाटीत जेवली. पुढे नातीनेही आजीला एक पदार्थ शिकवला. भिजवलेले शेंगदाणे वाटून गाळायचे, ते दूध उकळून कोमट करायचे आणि हिरव्या मिरचीचे देठ टाकून रात्रभर ठेवायचे. सकाळी दही तयार. त्याची कढी सासूबाईंनी चाखली आणि ‘मिठाले कमी हाये’ एवढाच दोष काढला. एक गोष्ट मात्र डॉक्टरांकडून समजली. वनस्पतिजन्य अन्नातून ब-१२ जीवनसत्त्व भरवशाने मिळत नाही. त्याची गोळी घ्यावी लागते. तिची आठवण देण्याचे काम आता आजीकडे आहे.

आपल्या ख्रिस्ती परंपरेलाही असे ताट अपरिचित नाही. मध्ययुगात युरोपात उपवासकाळात मांसाबरोबर दूध, लोणी आणि अंडीही वर्ज्य असत. इथिओपियातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक उपवासाच्या दिवसांत आजही तो नेम पाळतात. पण त्यागाच्या पोटी आनंद असू शकतो, हे मला ग्रंथांपेक्षा त्या भाकरीने अधिक शिकवले.

सासूबाईंचे मत बदललेले नाही. दुधावाचून माणूस अशक्त होतो, असे त्या आजही ठामपणे सांगतात. नात मान डोलावते आणि आपल्या मतावर ठाम राहते. संध्याकाळी ओसरीवर दोघी शेजारी बसतात. एकीच्या हाती सायीचा चहा, दुसरीच्या हाती कोरा. बोलणे मात्र संपता संपत नाही.