दम

मराठीच्या प्राध्यापकाला गावोगावी कशासाठी बोलावतात, याची यादी फार लांब नाही. मानपत्र लिहायला, शोकसभेत दोन शब्द बोलायला आणि ध्वनिवर्धकापुढे उभे राहायला. दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात पौडला शाळकरी मुलांच्या कबड्डी सामन्यांचे समालोचन माझ्याकडे आले ते या तिसऱ्या खात्यात. माझा एक जुना विद्यार्थी तिवईवर मोबाइल बसवून सामने यूट्यूबवर दाखवणार होता. माझा आवाज त्या प्रक्षेपणात जायचा आणि त्याच वेळी मैदानाच्या दोन टोकांना बांबूंवर बांधलेल्या भोंग्यांतूनही.

हे काम मी आनंदाने पत्करले, हे लपवत नाही. आकाशवाणीवरचे बाळ ज. पंडित यांचे मराठी क्रिकेट समालोचन हा आमच्या घरी वडिलांच्या आठवणींतला हक्काचा विषय होता. एखाद्या मोठ्या कीर्तनकाराविषयी बोलावे तसे ते पंडितांविषयी बोलत. मैदानापासून शेकडो मैल दूर बसलेल्या माणसापुढे केवळ शब्दांनी मैदान उभे करायचे, आणि तेही आपल्या भाषेत! त्यातून माझी एक समजूत झाली होती, की समालोचकाने थांबता कामा नये. रेडिओवर शांतता पसरली की ऐकणारा उठून खटका तपासतो.

तेव्हा मी थांबत नव्हतो. पकड झाली की सह्याद्रीचा कडा, चढाई झाली की वाघाची झेप. उपमा संपल्या की अनुप्रास. मुले हसत होती, शिक्षक मान डोलावत होते आणि मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

दुपारी उपांत्य सामना लागला. त्यातला एक संघ धरणाच्या काठावरच्या गावांतला होता. ज्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या साथीने मावळ्यांनी सत्याग्रह केला, तेच हे मुळशीचे धरण. त्याचे पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजकेंद्राकडे जाते आणि खोऱ्यातली गावे पाण्याच्या वर सरकून बसली आहेत. या संघातला सात क्रमांकाचा मुलगा अंगाने काडी, पण चढाईला चपळ. सामना संपायला चार-पाच मिनिटे होती आणि त्याचा संघ एका गुणाने मागे होता.

तो चढाईला गेला. कोपऱ्यातल्या दोघांनी मिळून त्याला धरले. तो लोळत, सरपटत मध्यरेषेकडे आला आणि त्याचा हात रेषेपलीकडे पडला. पंचांनी दोन गुण दिले. मी तर भोंगे फुटतील असा ओरडत होतो. इतक्यात तो मुलगा उठला, गुडघ्यावरची माती न झटकताच सरपंचांकडे गेला. (कबड्डीतल्या मुख्य पंचाला आपण सरपंच म्हणतो, हे मला फार आवडते.) माझे टेबल जवळच होते, म्हणून ऐकू आले.

“सर, माझा दम तुटला होता. मधीच.”

दम तुटला की चढाई करणारा बाद, हा नियम त्या मैदानावरच्या प्रत्येक मुलाला ठाऊक होता. सरपंचांनी पंचांकडे पाहिले. पंचांनी काही न बोलता आधी स्वतःच्या कानाला हात लावला आणि मग भोंग्याकडे बोट दाखवले. त्यांना ऐकूच आले नव्हते. कसे येणार?

निर्णय फिरवला गेला. मुलगा बाद होऊन बाहेर जाऊन बसला. त्याच्या एका सवंगड्याने त्याच्याकडे रागाने पाहिले, एकाने पाठीवर थाप मारली. मी माइकचा खटका बंद केला.

या खेळाला मराठीत पूर्वी हुतुतू म्हणत. बंगालीत हाडुडू, तमिळमध्ये सडुगुडु. सगळी नावे खेळणाऱ्याच्या तोंडातून निघणाऱ्या आवाजाचीच. १९९० मध्ये हा खेळ बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत पोहोचला, २०१४ पासून प्रो कबड्डीमुळे घराघरांतल्या पडद्यावर आला. चढाईला आता तीस सेकंदांची मर्यादा असते आणि पाहणाऱ्याचे डोळे घड्याळावर असतात. पण दम अजून मोजला जातो, आणि तो मोजायचे एकमेव साधन म्हणजे पंचाचा कान. वर्गात मी वर्षानुवर्षे नाद आणि अर्थ यांवर बोलतो. इथे मात्र ज्या शब्दावरून खेळाला नाव पडले, तोच शब्द मी सकाळपासून माझ्या उपमांखाली गाडत होतो.

“सर, बोला ना! लोक विचारतायत, आवाज गेला का,” विद्यार्थी खुणावत होता. मी मान हलवली. त्याची पंचाईत मला कळत होती. दूर कुठे कारखान्याच्या फाटकावर पाळी करणारा एखादा बाप मोबाइल कानाला लावून ऐकत असेल, तर त्याला मी काय देत होतो? याचे उत्तर माझ्याजवळ तेव्हा नव्हते आणि आजही पुरते नाही.

मग एक पकड झाली, संघाला गुण मिळाला आणि सात क्रमांकाचा मुलगा पुन्हा आत आला. शेवटची चढाई त्याचीच. मैदानावर कोणी बोलत नव्हते. बारीक, घोगऱ्या, एकसुरी आवाजातले “कबड्डी, कबड्डी, कबड्डी” उजव्या कोपऱ्याकडे गेले, डावीकडे वळले, क्षणभर चढले, पण तुटले नाही. कोणालाही स्पर्श न करता तो परत आला. सामना एका गुणाने गेला.

तारा गुंडाळत असताना भोंग्याखालच्या कट्ट्यावरून एका आजींनी हाक मारली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला.

“गुरुजी, मधी तुमी गप झालात, तवा चढाईला आमचाच होता न्हवं?”

“हो, आजी. सात नंबर.”

“नंबर मला काय ठावं,” त्या म्हणाल्या. “त्याचा दम वळखू आला.”

निकाल त्यांनी विचारला नाही.